एक लाख अठरा हजार मैल

नोकरीतल्या बाकीच्या केसेस आठवायच्या तर मला जुन्या डायऱ्या काढून बसावं लागतं. या एका केससाठी डायरी लागत नाही. बाकावर कोण कुठे बसलं होतं, घड्याळात किती वाजले होते, कोण काय बोललं, सगळं जसंच्या तसं डोळ्यांसमोर उभं राहतं. पोलीस अधिकाऱ्यांच्या आठवणी बहुतेक वेळा शाबासकीच्या असतात. ही तशी नाही. ही केस मी उलगडली नाही, माझ्या हाताखालच्या एका जमादारानं उलगडली. त्याआधी मी जे काही केलं त्याची मला आजही लाज वाटते.

निवृत्तीला सव्वादोन वर्षं उरली होती. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिण भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो. मी मूळचा साताऱ्याकडचा. मराठवाड्यात येऊन दीड वर्ष झालं होतं आणि इथलं सगळं आपल्याला कळलंय अशा तोऱ्यात मी वावरत होतो.

एका सोमवारी सकाळची हजेरी आटोपून मी केबिनमध्ये आलो, तर एक चाळिशीचा गृहस्थ बसलेला. परदेशात स्थायिक झालेला. त्याचे वडील वाळूजच्या एका कारखान्यातून मोठे अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. आई पूर्वीच वारलेली, त्यामुळे गारखेड्याच्या बंगल्यात वडील एकटेच राहत. पंधरा दिवसांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला, वाचा गेली, आणि हा मिळेल ते विमान पकडून आला. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. खोटं बोलायला आलेला माणूस असा दिसत नाही.

त्याची तक्रार अशी होती. वडील नोकरीत असताना जपान-जर्मनीच्या खूप वाऱ्या करत. त्या प्रवासाचे मैल विमान कंपनीतल्या त्यांच्या खात्यावर जमा झाले होते. बायको-मुलांनाही बोलावून घ्यावं म्हणून त्यानं ते खातं उघडायचा प्रयत्न केला, तर खात्रीचा आकडा, म्हणजे ओटीपी, भलत्याच कुणाच्या मोबाइलवर जाऊ लागला. कंपनीला फोन केल्यावर कळलं, की महिन्याभरापूर्वीच एक लाख अठरा हजार मैल खर्ची पडलेत. इथून मुंबईमार्गे जेद्दाहची दोन तिकिटं निघालीत. प्रवासी म्हणून नावं होती कारखान्यातल्या जुन्या प्रवास लिपिकाची आणि त्याच्या आईची. मोबाइल नंबरही त्याच लिपिकाचा.

मैल ही काय भानगड आहे हे मला त्यानंच समजावलं. विमानानं जितकं फिराल तितके गुण कंपनी तुमच्या नावावर टाकते आणि पुढे त्या गुणांवर फुकट तिकीट मिळतं. मी तोवर दोनदाच विमानात बसलो होतो, तेही आरोपी आणायला. त्याचे कुणी मला गुण दिले नव्हते.

फिर्याद लिहून घेताना ठाणे अंमलदार मध्येच थांबला. "साहेब, गेल्या मालाची किंमत, या रकान्यात काय टाकू? मैलाला भाव काय चाललाय?"

सगळे हसले, मीही हसलो. पण रकाना रिकामा ठेवता येत नाही. मी ओळखीच्या एका तिकीट एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, ते ज्याच्या त्याच्या गरजेवर आहे. मैल देऊन मिक्सर घेतला तर मैलाला वीस पैसेही सुटत नाहीत. कंपनीकडून मैल विकत घ्यायला गेलात तर रुपयाच्या वर. गर्दीच्या दिवसांत परदेशाचं तिकीट काढलंत तर दीड-दोन रुपयेसुद्धा वसूल होतात. आणि मुदत टळली की शून्य."

मी म्हणालो, "एक मैल, एक रुपया. लिहा."

हिशेब सोपा झाला, एवढंच त्याचं कारण नव्हतं. लाखावर रक्कम गेली की गुन्हा वजनदार दिसतो. सकाळीच वरून फोन आला होता. दमदाटी वगैरे काही नाही, 'जरा लक्ष घाला' एवढंच. आमच्या खात्यात एवढं पुरतं. मुलानं सोबत त्या मैलांच्या नियमांची चाळीस पानांची चळत जोडली होती, बारीक इंग्रजी अक्षरातली. मी वरची दोन पानं चाळली आणि फाइल बांधली. फसवणूक, विश्वासघात आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं एक कलम लावून गुन्हा दाखल झाला. तपास मी स्वतःकडे ठेवला.

त्याच दुपारी बंगल्यावर गेलो. मुलानं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून स्वतः चहा केला. स्वयंपाकाची बाई आहे, पण ती गावी गेलीय म्हणाला. साखर कुठे ठेवतात हेही त्याला सापडत नव्हतं. टेबलाच्या वर भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं होतं, आपल्याकडे घरोघर असतं तसं, दूध-गॅस-लाइटबिलाच्या नोंदींनी भरलेलं. महिना संपायला चार दिवस होते. मी त्या कॅलेंडरखाली बसून चहा प्यायलो आणि उठलो.

तिथून रुग्णालयात. मुलाचे वडील, कारखान्यातले मोठे साहेब, उताणे पडलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे जागे होते. मी लिपिकाचं नाव घेतलं. तसा त्यांनी डावा हात उचलला आणि खिडकीकडे केला. घशातून काहीतरी आवाज काढला. पुन्हा खिडकीकडे हात. मुलगा म्हणाला, "उजेडाचा त्रास होतोय त्यांना," आणि त्यानं पडदा ओढला. साहेबांनी डोळे मिटले. डॉक्टरांकडून 'जबाब देण्याच्या स्थितीत नाही' असं प्रमाणपत्र घेऊन मी निघालो.

लिपिक दौलताबादला राहत होता. तिथं किल्ल्याच्या पायथ्याशी थंड पेयांची गाडी लावणारा एक जण अधूनमधून आम्हाला बातम्या पुरवायचा. मंगळवारी सकाळी त्याचा फोन आला. "साहेब, ती मायलेकरं चार तारखेला चाललीत बघा. बॅगा भरल्यात. म्हातारी तर घरोघर माफी मागत फिरतीय."

"माफी? कसली माफी?"

"काय की. काल आमच्या गाडीवर आली. हात जोडून म्हणली, काय बोलले-चालले असंल तर माफ कर."

मला वाटलं, घ्या, यापेक्षा चांगला धागा कुठला? तिच्या पोटात पाप आहे, म्हणून ती माफी मागतीय, आणि दोघं देशाबाहेर पळायच्या बेतात आहेत. केबिनमध्ये आमचे जमादार उभे होते. मराठवाड्यात हवालदाराला अजून जमादार म्हणतात. हे पन्नाशीचे, इथल्याच एका मोहल्ल्यातले, कमी बोलणारे. ते म्हणाले, "साहेब, आमच्यात मक्केला, उमऱ्याला किंवा हजला जायच्या आधी अशी पद्धतच..."

मी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "तुम्हाला विचारलं का मी? तुमच्यातला म्हणून बाजू घेताय?"

सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला मी चार शिपायांसमोर हे बोललो. जमादार सॅल्यूट करून बाहेर गेले. या हकिकतीत मला स्वतःची शरम वाटावी अशा जागा बऱ्याच आहेत, त्यातली ही पहिली.

बुधवारी लिपिकाला नोटीस देऊन बोलावलं. तो आईला घेऊन आला. लिपिक बावन्न-त्रेपन्न वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात फाइल. कारखान्यात वीस वर्षं साहेब लोकांची तिकिटं काढण्याचं काम केलेला, आणि स्वतः एकदाही विमानात न बसलेला. आई सत्तरीच्या पुढची, किडकिडीत, चालताना मान वळवून वळवून बघणारी.

मी पहिलं काम केलं ते म्हणजे दोघांचे पासपोर्ट मागून घेतले. पोलिसाला तसा पासपोर्ट अडकवून ठेवता येत नाही, तो अधिकार पासपोर्ट कार्यालयाचा. मला हे पक्कं माहीत होतं. म्हणूनच मी जप्तीचा पंचनामा केला नाही, डायरीत नोंद केली नाही. दोन्ही पासपोर्ट टेबलाच्या खणात टाकले आणि किल्ली फिरवली.

"खात्यावर तुझा मोबाइल नंबर कसा?" मी विचारलं. वयानं तो माझ्याएवढाच होता, तरी मी अरे-तुरेवरच सुरुवात केली.

"साहेब, सगळ्याच साहेब लोकांचे फॉर्म मी भरायचो. त्यांना मीटिंगमध्ये फोन नको असायचे. मग नंबर माझाच टाकायचो. कोण कुठल्या विमानात, निरोप मलाच यायचे."

"आणि मैल?"

"मोठ्या साहेबांनी दिले. मी मागितले नाहीत. त्यांना मीच फोन करून सांगितलं होतं, की साहेब, तुमचे मैल मार्चअखेर मरतील, कुठं तरी फिरून या. ते म्हणाले, आता मी कुठं जातो? मग माझ्या आईची चौकशी केली. मी सांगितलं, काचबिंदू झालाय, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात की चार-सहा महिने दिसेल, पुढचं सांगता येत नाही. तिला एकदा मक्का बघायचीय, दिसतंय तोवर. पैसे साठवतोय, पण तोवर डोळे राहतील का, ते ठाऊक नाही. तर साहेब म्हणाले, मग वाट कसली बघतोस? त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून आम्ही दोघांनी तिकिटं काढली. वरचा टॅक्स तेवढा मी भरला."

"हे साहेबांनी सांगितलं याला पुरावा?"

"त्यांनाच विचारा की."

"ते बोलू शकत नाहीत हे कळल्यावरच तू हे शिकून आलास."

त्याचं तोंड पडलं. तो म्हणाला, "त्यांच्या स्वयंपाकाच्या बाईंना विचारा. त्या तिथंच होत्या."

मी एका शिपायाला बाईचा शोध घ्यायला सांगितलं. शिपाई बंगल्याच्या आउटहाउसचं कुलूप बघून आला आणि 'साक्षीदार मिळून आली नाही' असं लिहून मोकळा झाला. मीही मोकळा झालो.

चौकशी तीन दिवस चालली. मी त्याच्यावर हात उचलला नाही, हे काही भूषण म्हणून सांगत नाही. हात न उचलताही माणसाला चिरडता येतं. सकाळी नऊला बोलवायचं, दुपारी चारला आत घ्यायचं, तेच प्रश्न उलटसुलट विचारायचे, मध्येच उठून जायचं. जाणारा-येणारा बघेल अशा बाकावर बसवायचं. दुसऱ्या दिवशी तर त्याच्या कारखान्यातलाच कुणी तरी दुसऱ्या कामासाठी ठाण्यात आला आणि त्याला बाकावर बघून गेला. मुदतीआधी निवृत्ती घेतल्यावर कंत्राटावर त्याला तिथंच अर्धवेळ ठेवलं होतं. ते काम त्या आठवड्यात सुटलं.

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट घडली. मी त्याला पुन्हा तेच विचारत होतो, की स्वतःचा नंबर दुसऱ्याच्या खात्यावर टाकणारा माणूस प्रामाणिक कसा? तेवढ्यात माझा रायटर, म्हणजे माझी लिखापढी करणारा शिपाई, दारातून डोकावला. "साहेब, घरी गॅस आलाय. आकडा माझ्या मोबाइलवर आलाय, वहिनींना कळवू ना?" माझ्या घरच्या गॅसवर रायटरचा नंबर होता. विम्यावर, लाइटबिलावर, मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मवरही त्याचाच. सगळे फॉर्म तोच भरायचा. लिपिकानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी काय करावं? मी त्याला म्हणालो, "खाली बघ."

चार तारीख उजाडली. दुपारी साडेतीनचं विमान. मायलेक सकाळी साडेनऊलाच ठाण्यात आले, बॅगा घेऊन. मी पासपोर्ट देईन अशी त्यांना अजून आशा होती. अम्मांनी, म्हणजे त्याच्या आईनं, पांढरा स्वच्छ दुपट्टा डोक्यावरून घेतला होता. बॅगेच्या कडीला कुणी तरी हिरवी चिंधी बांधली होती, ओळखू यावी म्हणून. दोघं बाकावर बसले. लिपिक दर अर्ध्या तासानं दाराशी येऊन म्हणायचा, "साहेब, आईचा तरी द्या. मी इथंच राहतो. मोहल्ल्यातली दोन माणसं त्याच विमानानं चाललीत, ती सांभाळतील तिला."

ही मागणी अगदी रास्त होती. आरोपी तो होता, आई नव्हती. फिर्यादीत तिचं नाव फक्त प्रवासी म्हणून होतं. मी म्हणालो, "बघू." असं मी बारा वाजता म्हणालो, एक वाजता म्हणालो, अडीचलाही म्हणालो. का दिला नाही, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं. द्वेष नव्हता. फक्त एकदा अडकवलेली वस्तू परत देणं म्हणजे आपण चुकलो असं दिसलं असतं, एवढंच होतं. वर फोनवर मी 'दोघांना रोखलंय' असं सांगून बसलो होतो.

आमचं ठाणं विमानतळाच्या अंगाला. विमान चढताना कौलं थरथरत नाहीत, पण बोलणं थांबवावं लागतं. पावणेचारच्या सुमाराला तो आवाज आला. अम्मा बाकावरून उठल्या, अंगणात गेल्या आणि मान वर करून आभाळात शोधू लागल्या. त्यांना समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून बघावं तसं. त्यामुळे मान इकडे तिकडे फिरत राहिली. विमान सापडलं नाही. जमादार जवळच उभे होते. त्यांना विचारलं, "भैया, येईच था क्या?"

जमादार म्हणाले, "नै अम्मा. दूसरा होगा कोई."

मी केबिनच्या दारात उभा होतो. अम्मा वळल्या, माझ्या आवाजाच्या, बुटांच्या अंदाजानं माझ्याकडे आल्या आणि अगदी हळू बोलल्या, "जैसी मेरी आँखां जारै, वैसीच तेरी बी जाना." मुलानं त्यांचा दंड धरला. "अम्मी, नक्को," म्हणाला. एका हातात आई, दुसऱ्यात ती बॅग, असा तो फाटकाबाहेर पडला.

जमादारांनी दुसऱ्या दिवशी साप्ताहिक सुट्टी घेतली. परवानगी मागताना कारण सांगितलं नाही. संध्याकाळी ते थेट माझ्या केबिनमध्ये आले, सोबत पन्नाशीची एक बाई. ते बसनं फर्दापूरला जाऊन तिला घेऊन आले होते. अजिंठ्याच्या लेण्यांखालचं ते गाव, ठाण्यापासून शंभर किलोमीटर. बाई तिथं मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. पत्ता कुठून मिळाला विचारलं, तर जमादार म्हणाले, "कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून. त्याला ठाऊक होता." म्हणजे आमच्या शिपायानं त्या कुलपापासून पन्नास पावलं चालायला हवं होतं.

बाई खुर्चीवर बसायला तयार नव्हती, पण बोलायला तयार होती.

"व्हय, मीच होते ना तिथं. साहेब आन् ते भाऊ टेबलाशी बसलेले, मी भाकरी थापत हुते. साहेब म्हणले, अरं टाक तुझं नाव, टाक आईचं. हे मैल मेल्यावर काय माझ्यासंगं येत्यात? लई हसले. आन् मग आठ दिसांनी ती म्हातारी सवता आली घरी. साहेबाच्या पाया पडाय लागली, साहेबांनी पडू दिलं नाय. ती म्हणली, जायाच्या आधी सगळ्यांची माफी मागायची असती, काय बोलले-चालले असंल तर माफ करा. साहेब म्हणले, अम्मा, तुम्ही मला आजच पहिल्यांदा भेटलात, बोललात कवा? तरी तिनं माफी घेतलीच. मग साहेबांनी तिला सांगितलं, खिडकीची जागा घेतलीय तुमच्यासाठी, बघत जावा, दिसतंय तवर. आन् कॅलेंडरावर लिवलं बी. गेले नाय का तुमी घरात? बघितलं नाय?"

मी जीप काढायला सांगितली. मुलाला रुग्णालयातून बरोबर घेतलं. स्वयंपाकघरात कॅलेंडर तसंच होतं, मागच्याच महिन्यावर. घरात पान उलटणारं कुणी नव्हतं. मी ते उलटलं. चार तारखेच्या चौकोनात इंजिनिअरच्या ठाशीव, सरळ अक्षरात लिहिलं होतं, 'अम्मांचं विमान. ३.३०. खिडकी.' शेजारी त्यांची सही, जशी ते प्रत्येक नोंदीपुढे करत.

मुलगा त्या टेबलाशी बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. "त्या दिवशी ते खिडकी दाखवत होते," तो म्हणाला. "मी पडदा लावला." त्यानं त्याच दिवशी लेखी दिलं, की तक्रार गैरसमजातून झाली. दुसऱ्या दिवशी दौलताबादला जाऊन त्यानं मायलेकांची क्षमाही मागितली, असं मला जमादारांकडून कळलं. मी गेलो नाही. मी शिपायाच्या हातानं पासपोर्ट पाठवले, पोच घेतली.

न्यायालयात 'सी' समरी पाठवायची होती. खोटा नाही पण खराही नाही, वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा, असा तो अहवाल. तो लिहिताना मी पहिल्यांदा ती चाळीस पानं वाचली. एकोणिसाव्या पानावर लिहिलं होतं, की मैल ही सभासदाची मालमत्ता नाही, ती कंपनीची, आणि त्यांना रोख किंमत नाही. म्हणजे जो माल मी चोरीला गेला म्हणून लिहिला तो मोठ्या साहेबांचा नव्हताच, आणि ज्याला मी एक लाख अठरा हजार किंमत लावली त्याची कागदोपत्री किंमत शून्य होती.

एक प्रयत्न मात्र केला. विमान कंपनीला ठाण्याच्या लेटरहेडवर पत्र लिहिलं, की प्रवाशांची काही चूक नाही, पोलिसांच्या कारवाईमुळे विमान चुकलं, तरी तिकिटं पुढची करून द्यावीत. महिन्यानं उत्तर आलं. प्रवासी वेळेवर हजर न राहिल्यानं नियमाप्रमाणे मैल बाद झाले आहेत, गैरसोयीबद्दल खेद आहे. तोवर मोठे साहेब वारले होते. खात्यात जे थोडेफार उरले होते तेही बंद झाले. मुलाला काही मिळालं नाही, अम्मांना नाही. ज्या गोष्टीवरून मी एवढा तमाशा केला ती गोष्टच उरली नाही.

लिपिकानं पुढे दौलताबादला ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकलं. जमादारांची मी क्षमा मागितली, पण एकांतात, चार शिपायांसमोर नाही. ते म्हणाले, "जाऊ द्या साहेब." त्यांनी जाऊ दिलं असेलही.

दोन वर्षं गेली. माझी निवृत्ती दीड महिन्यावर आली होती. रविवारची सकाळ, मी क्वार्टरच्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होतो. फाटक वाजलं. लिपिक होता, आणि त्याच्या कोपराला धरून अम्मा. दुपट्टा तोच पांढरा. या वेळी त्यांची मान इकडे तिकडे फिरत नव्हती. डोळे उघडे होते आणि कुठेच बघत नव्हते.

पायरीशी आल्यावर त्यांनी मुलाला विचारलं, "साबच है ना?"

तो म्हणाला, "हौ अम्मी. साहेबच."

अम्मांनी हात जोडले, माझ्या जरा डावीकडे. "साब, मैं उमरे कू जारी हूँ. परसों का जहाज है. बेटे ने पैसे जमा करके टिकट निकाला. सब के घर जाके आयी, तुम रह गये थे. मैं उस दिन तुमकू लई बुरा बोली. गुस्से में मुँह से निकल गया. कहा-सुना माफ करना." मग आवाज थोडा खाली आला. "तुम्हारी आँखां अच्छी हैं ना?"

मी म्हणालो, "चांगले आहेत, अम्मा."

"शुकर है," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा खरोखर मोकळा झाला. दोन वर्षं त्या बाईला माझ्या डोळ्यांची काळजी लागून राहिली होती.

त्या वेळी मी काय करायला हवं होतं हे शाळेतलं पोरही सांगेल. ओट्यावरून खाली उतरायचं, त्यांचे जोडलेले हात धरायचे आणि माफी मागायची. मी काय केलं? खुर्चीतून उठलो आणि म्हणालो, "माफ आहे, अम्मा. जाऊन या." मी त्यांना माफ केलं. अठ्ठावीस वर्षं लोक माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले होते आणि तोंडाला तेवढंच वळण पडलं होतं.

लिपिक लगेच वळला नाही. आईच्या खांद्यावर हात ठेवून तो माझ्याकडे बघत उभा राहिला, अगदी सभ्यपणे, एखाद्या कार्यालयात खिडकीवर आपला कागद परत मिळायची वाट बघतात तसा. मला कळत होतं तो कशासाठी थांबलाय. मी वर्तमानपत्राची घडी घालत राहिलो. मग तो म्हणाला, "चलो अम्मी," आणि तिला पायऱ्या मोजून सांगत फाटकापर्यंत घेऊन गेला.

तपास करताना पान उलटून बघावं, साक्षीदाराच्या कुलपाशी थांबू नये, हाताखालच्या माणसाचं वाक्य पुरं होऊ द्यावं, हे सगळं या केसनं मला शिकवलं. पण हे कुठल्याही प्रशिक्षण केंद्रात शिकवतात आणि मलाही शिकवलं होतं. त्या मैलांची खरी किंमत काय होती हे मात्र कुठल्या एजंटला किंवा चाळीस पानांना ठाऊक नव्हतं. ती किंमत होती एका म्हातारीचे उरलेले चार-सहा महिने. चार तारखेला दुपारी ते माझ्या खणात कुलपात होते आणि किल्ली माझ्या खिशात होती.

अम्मा जाऊन आल्या. तिथं मुलगा त्यांना कानात सांगत होता, आता समोर काय आहे ते, असं जमादारांनी मला सांगितलं. त्या हयात आहेत. त्यांना वाचता येत नव्हतं आणि आता दिसतही नाही, पण त्यांचा मुलगा फॉर्म भरता भरता वर्तमानपत्रं, पुस्तकं सगळं वाचतो. हेही कधी तरी त्याच्या हाती पडेल. तेव्हा त्यानं आईला एवढं वाचून दाखवावं, की त्या रविवारी ओट्यावर मी उलटं बोललो. माफ तुम्ही करायचं होतं, अम्मा. कहा-सुना माफ करा.